मैदान कुणाचे?



१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीला सरकारी पैशाने क्रीडानगरी उभी राहिली. २००८ साली तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा भरल्या. त्याचा अभिमान आम्हांलाही आहे. पण हिशेब मागणे हा आम्हा कामगारांचा जुना स्वभाव! जुन्नरच्या रानात मजुरी करणारी बाई साबणाची वडी घेते, तेव्हा तीही कर भरते. तिच्या मुलीला बालेवाडी मात्र नव्वदएक किलोमीटर दूर.

कॅनडात माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी क्रीडागार बांधले. कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. त्यासाठी तंबाखूवरचा कर प्रांतभर वसूल झाला. खेळ पंधरवड्याचा, फेड तीस वर्षांची!

तालुक्याला क्रीडासंकुल हे आपल्या राज्याचेच धोरण आहे. पण संकुल म्हणजे नुसती कोनशिला नव्हे. धावपट्टी हवी, मुलींना कपडे बदलायला खोली हवी, शिकवणारा माणूस हवा, आणि सराव संपल्यावर गावी नेणारी एस. टी. हवी.

डिंभे धरणासाठी आंबेगाव हे गावच पाण्याखाली गेले. देणे या मातीला ठाऊक आहे; आता तिच्या पदरात पडू द्या, एवढेच आमचे मागणे.