मनोवैद्याच्या तासाचें मोल

मनाची व्यथा ऐकून घेणें हा सेवाधर्म कीं धंदा, असा प्रश्न निघाला म्हणजे पुष्कळांस संकोच वाटतो. गळूं कापणाऱ्या शस्त्रवैद्याला फी देतांना कोणी कचरत नाहीं. पण दुःख ऐकणाऱ्याला पैसे मोजावयाचे म्हटलें, कीं सहानुभूतीचा बाजार मांडल्यासारखें वाटूं लागतें. ह्या संकोचाची स्पष्ट शब्दांत चिकित्सा केली ती व्हिएन्नाच्या डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनीं. त्यांच्या सिद्धांतांविषयींचे वाद अजून मिटलेले नाहींत; परंतु त्यांनीं आपला व्यवसाय कसा चालविला, हें त्या वादांत न पडतांहि पाहण्यासारखें आहे.

१८८६ सालच्या ईस्टरच्या रविवारीं फ्रॉइड यांनीं स्वतंत्र दवाखाना उघडला. गांठीं पैसा नव्हता, मित्रांचें ऋण डोक्यावर होतें आणि लग्न तोंडावर आलें होतें. आरंभीं ज्येष्ठ स्नेही डॉ. ब्रॉयर यांनीं रोगी पाठविले, म्हणून निभावलें. १८९१ सालीं ते बेर्गगासे १९ ह्या इमारतींत राहावयास आले आणि तेथेंच त्यांचा व्यवसाय वाढला. १९०२ सालीं त्यांना प्रोफेसर ही पदवी मिळाली. पदवीनें विद्या वाढत नाहीं. पण पदव्यांपुढें नमणाऱ्या त्या नगरींत पदवीमुळें रोग्यांचा विश्वास आणि वैद्याची फी दोन्ही वाढतात, हें ते ओळखून होते.

१९१३ सालीं उपचाराच्या आरंभाविषयीं त्यांनीं एक निबंध लिहिला. त्यांतील व्यवहार सरळ आहे. प्रत्येक रोग्याला दिवसाचा एक तास नेमून द्यावयाचा. तो तास त्याचा, मग तो येवो वा न येवो. गायन शिकविणाऱ्या मास्तरांचा जसा तास ठरलेला असतो, तसाच हा. पैसे महिन्याच्या महिन्यास चुकते करावे, मोठी बाकी सांचूं देऊं नये. ह्या कठोरपणाला कारण आहे. वैद्य औषधाची बाटली विकीत नाहीं. त्याच्यापाशीं विकावयास वेळ तेवढा असतो, आणि दिवसाचे तास मोजकेच असतात.

मग गरिबानें काय करावें? फ्रॉइड यांनीं सुमारें दहा वर्षें रोज एक तास, कधीं दोन, विनामूल्य उपचारासाठीं राखून ठेवले होते. अनुभव मात्र निराशेचा आला. फुकटच्या उपचारानें रोगी उपकाराखालीं दबतो आणि उपचार संपविण्याची निकडहि त्याला राहत नाहीं, असें त्यांचें मत झालें. तथापि कांहीं गरजूंना असा उपचार उत्तम लागू पडला, हेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें नमूद केलें.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचें चलन कोसळलें आणि त्यांची शिल्लक बुडाली. तेव्हां तासाला दहा डॉलर देणाऱ्या अमेरिकन शिष्यांच्या आधारावर त्यांचा संसार सावरला. म्हणजे ज्या नगरींत ही विद्या जन्मली, तेथील सामान्य माणसाला तिचा तास परवडेनासा झाला!

ही विसंगति त्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती. १९१८ सालीं बुडापेस्ट येथील परिषदेंत त्यांनीं सांगितलें होतें कीं, समाजाची सदसद्विवेकबुद्धि जागी होईल तेव्हां गरिबासहि मनाच्या उपचाराचा शस्त्रक्रियेइतकाच हक्क मिळेल. त्यांच्या अनुयायांनीं १९२० सालीं बर्लिनमध्यें आणि १९२२ सालीं व्हिएन्नांत अल्प मोबदल्यांत किंवा विनामूल्य उपचार देणारे दवाखाने काढले. एकट्या वैद्याच्या खिशाला जें पेललें नाहीं, तें संस्थेनें उचललें.

आज जो कोणी मनोपचाराची खोली थाटील, त्याच्यापुढें हाच हिशेब उभा राहील. फी सांगतांना लाजणारा वैद्य मनांतल्या मनांत रोग्यावर रुसतो, आणि केवळ फीकडे पाहणारा वैद्य बरा झालेला रोगीहि सोडावयास तयार होत नाहीं. पहिल्याच भेटींत तासाचें मोल स्पष्ट सांगावें, हा पहिल्या दोषावर उपाय. रोगी लवकर आपल्यावांचून चालूं लागावा अशी मनापासून इच्छा धरावी, हा दुसऱ्यावर. हा दुसरा उपाय धंद्याला तोट्याचा दिसतो खरा. पण बरा होऊन गेलेला माणूसच पुढच्या व्यथिताला त्या दाराची वाट दाखवितो.