पत्र्याखालचा वर्ग आणि वैशाखातले ऊन

अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कोरडी हवा आणि चैत्र-वैशाखात चाळिशीपलीकडे जाणारे तपमान येथे नवे नाही. जिल्हा सुमारे १९ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. साहजिकच भिंतींपेक्षा छपरालाच उन्हाचा मारा अधिक बसतो. ते छपर पत्र्याचे असेल तर खाली बसलेल्या मुलांचे काय होते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

जुन्या धाब्याच्या घरात तुळया व किलचणीवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. ऊन आत झिरपेपर्यंत सांज होई, गरम हवा साण्यातून निघून जाई. नगरजवळचा निजामशाहीतील फराहबागेचा अष्टकोनी महाल तर तलावाच्या मध्यावरच उभारलेला. परंतु धाब्याची डागडुजी दरसाल करावी लागे आणि मोठ्या पावसात ते गळे. पत्रा हलका, स्वस्त व झटपट बसणारा म्हणून आला. त्याला नावे ठेवून भागणार नाही.

पत्रा तापला की दोन गोष्टी घडतात. त्याच्या खालची हवा तापून वर साचते, आणि तो स्वतः तव्याप्रमाणे खाली आच फेकतो. आढ्याजवळ झरोके व भिंतीत खालच्या बाजूस खिडक्या असल्यास साचलेली हवा आपोआप बाहेर पडते. पण नुसत्या वायुवीजनाने आच थांबत नाही. खिडक्या सताड उघड्या असूनही डोके तापते ते यामुळेच. त्यासाठी पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे आच्छादन करावे आणि मधल्या पोकळीची दोन्ही टोके जाळी लावून मोकळी ठेवावीत. टोके बुजवली तर निम्मा लाभ गेला. उसाचे पाचट पत्र्यावर पसरण्याची रीत सोपी खरी, पण ठिणगी पडल्यास शाळेच्या बाबतीत तो धोका पत्करू नये.

सर्वांत कमी खर्चाचा उपाय चुन्याचा. पत्र्यावर बाहेरून पांढरा हात दिला की बरेचसे ऊन परत फिरते. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी फाल्गुनात, उन्हे चढण्याआधी, पुन्हा द्यावा लागतो. निधी थोडा असेल तर ग्रामपंचायतीने भिंतींच्या रंगाआधी हे काम घ्यावे.

कांद्याची चाळ बांधताना शेतकरी तळाशी व बाजूंना फटी ठेवतो, लोखंडी पत्रा शक्यतो टाळतो. पहिलीच्या वर्गाला कांद्याइतकी तरी काळजी मिळावयास हरकत नसावी.

झाडे लावावयाची तर पूर्व व पश्चिमेस. वैशाखात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे येतच नाही. कोरड्या हवेत वाळ्याचे ओले पडदे उत्तम गारवा देतात, मात्र ज्या गावाला उन्हाळ्यात टँकरने पाणी येते तेथे त्यांचा आग्रह धरता येणार नाही. तेथे चुना आणि तट्ट्या यांवरच भिस्त ठेवावी लागेल.