अस्तेरिओसचे भाईबंद



या व्याख्यानमालेत इतिहासावर, अर्थकारणावर, संतसाहित्यावर बोलायची रीत आहे. आज मी बैलाचं डोकं असलेल्या माणसांविषयी बोलणार आहे, आणि तेही एका खेळातल्या. मागच्या रांगांत बसलेल्या तरुण मंडळींना हा खेळ ठाऊक आहे. त्यांच्या आईवडिलांना मात्र सुटीच्या दिवशी आतल्या खोलीतून फाशांचा खुळखुळाट आणि मधूनच एकदम आरडाओरडा ऐकू येतो, एवढंच माहीत असेल. मला दोघांशीही बोलायचं आहे.

मूळ गोष्ट क्रीट बेटावरची. राजा मिनोसनं समुद्रदेव पोसायडनकडे बैल मागितला आणि तोच तुला बळी देईन असा नवस केला. समुद्रातून असा देखणा बैल वर आला की राजाचा जीव त्याच्यात अडकला. त्यानं तो ठेवून घेतला आणि दुसराच कापला. देव कोपला. पण शिक्षा भोगली राणीनं. पासिफाईच्या मनात त्याच बैलाची ओढ उत्पन्न झाली, डेडॅलस नावाच्या कारागिरानं तिला लाकडी गाय करून दिली, आणि पुढं मूल झालं ते माणसाच्या धडाचं आणि बैलाच्या तोंडाचं. त्याला लपवायला त्याच डेडॅलसकडून भूलभुलैया बांधून घेतला गेला. हरलेल्या अथेन्सवर खंडणी बसली: सात मुलगे, सात मुली. त्यांना त्या भूलभुलैयात सोडायचं. शेवटी थिसियस आला, राजकन्या अ‍ॅरिअ‍ॅड्नीनं दिलेला दोरा धरून आत गेला, त्याला मारून बाहेर आला.

आता या गोष्टीतले गुन्हेगार शोधा. नवस मोडला राजानं. सूड घेतला देवानं. गाय बनवली कारागिरानं, कोठडीही त्यानंच बांधली. त्या पोरानं माणसं खाल्ली, हे खरं. पण ती त्याच्यापुढं टाकली कोणी? अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या ग्रंथात त्याचं नाव अस्तेरिओस असं दिलेलं आहे. जगानं ते बाजूला ठेवलं आणि मिनोटॉर, म्हणजे मिनोसचा बैल, हेच चालवलं.

त्याची बाजू कोणी घेतलीच नाही असं मात्र नाही. इंग्रज चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यानं १८८५ साली मिनोटॉर रंगवला. कठड्यावर रेलून तो दूर समुद्राकडे पाहतो आहे, आणि त्याच्या मुठीखाली एक छोटा पक्षी चिरडलेला आहे. क्रौर्य आणि एकाकीपणा त्या एका हातात आणि त्या एका नजरेत आले आहेत. हेच चित्र मनात धरून अर्जेंटिनाच्या बोर्हेसनं १९४७ साली एक लहानशी कथा लिहिली आणि अस्तेरिओसला स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं. कथा जेमतेम दोन-तीन पानांची आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी.

पण वॉट्सचा काय किंवा बोर्हेसचा काय, मिनोटॉर एकटाच आहे. त्याला जातभाई नाहीत, म्हणून चालीरीती नाहीत. शेजारी नाही, म्हणून भांडण नाही. तो करुण होऊ शकतो, पण त्याचा समाज होऊ शकत नाही. ते काम पुढं एका खेळानं केलं.

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या छोट्या गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग उभं करतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि मी काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं हे बरेचदा वीस बाजूंचा फासा ठरवतो. पट लागतोच असं नाही. गोष्ट तोंडानं पुढं सरकते.

या खेळात मिनोटॉर पहिल्या दिवसापासून होता, पण नुसता भक्ष्य म्हणून. भूलभुलैयाच्या वळणावर उभा असायचा, मारायचा किंवा मरायचा. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्येही त्याची ओळख माणूसखाऊ अशीच आहे. २०१४च्या नियमांत त्याची झेप कशी मांडली आहे पाहा: निदान दहा फूट सरळ धावत येऊन त्यानं शिंगं खुपसली, तर जखमेत आठ बाजूंच्या दोन फाशांची भर. एका ओळीत अख्खा बैल उभा राहिला. मात्र त्याच पानावर आणखी एक ओळ आहे, ती मला फार मोलाची वाटते. हा प्राणी एकदा चाललेली वाट कधीच विसरत नाही. ज्याला भूलभुलैयात कोंडलं, त्याला त्या भूलभुलैयानंच हे दिलं.

आणि २०२२मध्ये खेळाडूंसाठी छापलेल्या मिनोटॉरमध्ये हाच गुण आणखी मोकळा झाला. त्याला उत्तर दिशा सदैव कळते. कोंडलेल्याची आठवण खलाशाच्या कामी आली.

खलाशी हा शब्द उगाच वापरला नाही. या प्राण्याला समुद्रावर नेलं ते 'ड्रॅगनलान्स'नं. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्या आणि खेळाची साहसं १९८४पासून येऊ लागली. त्यांच्या जगाचं नाव क्रिन. तिथल्या रक्तसागराच्या पूर्वेला मिथास आणि कोथास ही बेटं आहेत, आणि तिथं मिनोटॉरांचं साम्राज्य आहे. जहाजं बांधणारे, दर्यावर्दी, कर्मठ. सूडाचा देव सारगस हा त्यांचा मुख्य देव. राजधानी नेथोसाकमध्ये मोठा आखाडा आहे. वाद तिथं लढून मिटतात आणि गादीचा वारसही तिथंच ठरतो. १९८७च्या 'ड्रॅगनलान्स अ‍ॅडव्हेंचर्स' या पुस्तकानं खेळाडूला मिनोटॉर होऊन खेळायची मुभा दिली. दहा वर्षांपूर्वी ज्याला मारायचं होतं, तो आता मी असू शकत होतो.

या साम्राज्याच्या इतिहासात एक गोष्ट फिरून फिरून येते: हे लोक गुलाम होते. कधी बुटक्यांचे, कधी इस्तार या माणसांच्या राज्याचे. प्रत्येक वेळी साखळ्या तोडल्या, ही त्यांच्या अभिमानाची पहिली ओळ. आणि तरीही हेच लोक गुलाम पाळतात. मी इथं जरा थांबणार आहे, कारण क्रिनच्या मिनोटॉरांत सगळ्यात खरं काही असेल तर ते हे. सोसलेल्यानं शहाणं व्हावं अशी आपली अपेक्षा असते. पण सोसण्यातून दोन धडे निघतात. कोणालाच असं सोसावं लागू नये, हा एक. पुन्हा आपल्यावर ही पाळी येऊ नये म्हणून चाबूक आपल्या हाती असावा, हा दुसरा. या साम्राज्यानं दुसरा धडा घेतला. लेखकांनी तो झाकला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

रिचर्ड क्नाक या लेखकानं हा धागा शेवटपर्यंत नेला. २००३ ते २००५ या काळात आलेल्या त्याच्या तीन कादंबऱ्यांत होटाक नावाचा सेनानी एका रात्रीत सम्राट चॉट आणि त्याचे आप्त यांची कत्तल करून गादी बळकावतो. आखाड्याचा कायदा तिथंच मोडला. त्या कुळातला फारोस वाचतो आणि खाणीत गुलाम होऊन पडतो. पुढं नवं राज्य आपलीच माणसं ओगर राक्षसांच्या हाती देतं. फारोसच्या मागं बंड उभं राहतं ते तिथून. मिनोटॉर विरुद्ध मिनोटॉर, दोन्हीकडं ओठावर सन्मानाची भाषा.

त्याआधी, १९८८च्या 'द लेजंड ऑफ ह्यूमा'मध्ये, क्नाकनंच काझ हे पात्र निर्माण केलं होतं. ओगरांच्या सैन्यात लढणारा हा मिनोटॉर आपल्या ओगर नायकाला ठार करतो, कारण तो नायक दुबळ्यांची हत्या करत असतो. मग शत्रुपक्षातला शूर ह्यूमा त्याला गोब्लिनांच्या तावडीतून सोडवतो आणि काझ त्या उपकाराला जागतो. काझ आपल्या लोकांच्या विरुद्ध गेला असं वरवर दिसतं. मला वाटतं, त्यानं आपल्या लोकांचा शब्द त्यांच्यापेक्षा जास्त गंभीरपणे घेतला. सन्मान म्हणजे दुबळ्याला न मारणं, हे त्यानं कोणा परक्याकडून उसनं आणलं नव्हतं.

माझं म्हणणं आहे ते हेच. राक्षसांचा समाज कधी होतो? त्यांना चांगलं मन दिलं की होत नाही. देव, झेंडा, राजधानी दिली तरी होत नाही. दोन मिनोटॉर एकमेकांसमोर उभे राहून योग्य काय यावर भांडू लागले, आणि ऐकणाऱ्याला दोघांचंही थोडं थोडं पटलं, की तो समाज झाला.

आपल्याकडं म्हसोबाची आठवण होणं अटळ आहे. देवीमाहात्म्यात महिषासुर मारला जातो. आणि शेताच्या बांधावर शेंदूर लावलेल्या दगडाला म्हसोबा म्हणून नैवेद्य दाखवला जातो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या १९६२च्या ग्रंथात म्हसोबा आणि देवी यांच्या या गुंतलेल्या नात्याचा माग काढला आहे. एका पोथीतला असुर दुसऱ्या कोणाच्या रानाचा राखणदार असतो. म्हणून मिनोटॉरांचं राज्य ही कल्पना मराठी मनाला परकी वाटायचं कारण नाही. शिंगं असलेल्याला कोणीतरी आपला म्हणतं, हे आपण बांधावर पाहिलेलं आहे.

आता या खेळाची उणी बाजू. खेळाला सोपेपणा हवा असतो, आणि सोपेपणापायी अख्ख्या जमातीला एकच स्वभाव चिकटवला जातो. मिनोटॉर म्हणजे बळकट, तापट, शब्दाचा पक्का. २०१८च्या रॅव्हनिका या शहराच्या पुस्तकात प्रत्येक मिनोटॉरला जन्मजात ताकदीचे दोन आणि काटकपणाचा एक गुण जास्त मिळतो. २०२०मध्ये 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकानं असे गुण हवे तिथं फिरवायची मोकळीक दिली, तेव्हा कुठं अशक्त पण तल्लख मिनोटॉर नियमात बसला. हा बदल मला न्याय्य वाटतो. जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना तो रुचला नाही, पण जन्मावरून स्वभाव आणि लायकी ठरवणं किती जाचतं हे आपल्याला कोणी बाहेरून सांगायला नको.

दुसरी उणीव अजून तशीच आहे. साम्राज्याचे योद्धे भरपूर दिसतात, पण जहाजाची फट बुजवणारा कोण? मीठ लावून मासळी वाळवणारी कोण? शिंग मोडलेलं पोर आखाड्याच्या गावात कसं वाढतं? ज्या समाजात सगळेच लढवय्ये, तो एका हंगामात उपाशी मरेल. लेखकांनी ही जागा रिकामी ठेवली आहे. ती टेबलावर भरता येते, आणि तीच या खेळाची ताकद आहे.

समजा, तुमच्यापैकी कोणी मिनोटॉर खलाशीण झाली आहे. समुद्रात एक जहाज अडवलं. झेंडा आपल्याच साम्राज्याचा, नाखवा आपल्याच कुळातला, नात्यानं काका. तळघरात साखळदंडात माणसं. डंजन मास्टर विचारतो, काय करतेस? फासा इथं कामाचा नाही. कुऱ्हाड लागली की हुकली एवढंच तो सांगू शकतो. उत्तर 'मी' या शब्दानं सुरू करावं लागतं. काकाला काय म्हणशील? कोणत्या शब्दांत? सारगसची शपथ घालशील, की आजीनं सांगितलेली साखळदंडांची गोष्ट त्याला पुन्हा सांगशील? कादंबरी वाचताना हा प्रश्न काझवर सोडता येतो. टेबलावर तो सोडता येत नाही.

म्हणून खेळणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी मिनोटॉर घ्याल, तेव्हा पात्राच्या कागदावर ताकदीच्या आकड्याआधी एक ओळ लिहा: आपल्या लोकांचं कोणतं म्हणणं याला पटत नाही. आणि हा खेळ मराठीत खेळा. नाखवा, तांडेल, शीड, सुकाणू हे शब्द आपल्या किनाऱ्यावर रोज वापरले जातात, त्यांना मिथास-कोथासच्या जहाजांवर न्या. पालकांना एवढंच सांगतो की खोलीचं दार वाजवून, किती वेळ चालणार आहे, असं विचारू नका. तुझं पात्र कोण आहे आणि ते कोणाशी भांडतंय, असं विचारा. आणि उत्तर लांबलं तरी बसून पूर्ण ऐका.