त्वचारोग, पेशींचे टपाल आणि आपली लाज
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही ना वैद्य, ना डॉक्टर. मॅट्रिक होऊन हयातभर खडू-फळ्यात रमलेले मास्तर. तेव्हा जे वाचले व समजून घेतले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या मुलखात पाऊस मोठा आणि शेती भाताची. आवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून पायांना चिखल्या होतात. खरूज, नायटा हेही पाहुणे ओळखीचेच. त्यांची लाज कोणी बाळगत नाही. परंतु अंगावर एखादा फिकट चट्टा उमटला, की घरातील बोलणे हळू होते. मुलगी उपवर असेल तर अधिकच. आमचे आजचे सांगणे या चट्ट्याविषयी आहे.

अलीकडे त्वचेच्या उपचारांच्या जाहिरातींत ‘एक्झोसोम’ हा शब्द झळकतो. ही वस्तू काय आहे? आपल्या शरीरातील पेशी स्वतःच्या पोटातून अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. दहा हजार पिशव्या एका ओळीत मांडल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल! १९८३ साली अपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करताना अमेरिका व कॅनडा येथील संशोधकांना त्या दिसल्या; १९८७ मध्ये रोझ जॉन्स्टन या विदुषीच्या शोधनिबंधातून ‘एक्झोसोम’ हे नाव रूढ झाले. आरंभी वाटले, पेशी आपला केरकचरा बाहेर टाकीत असावी. पुढे उमगले, की हा केर नव्हे, टपाल आहे! त्या पिशवीत प्रथिने, स्निग्ध द्रव्ये आणि आरएनए यांच्या रूपाने निरोप असतो, व तो दुसऱ्या पेशीस पोचतो. त्वचेचा रंग किती गडद व्हावा यासंबंधीचे निरोपदेखील वरच्या थरातील पेशी रंगपेशींना अशा पिशव्यांतून धाडतात, असे प्रयोगांत आढळले आहे.

आता यातून निदान कसे व्हावे? पेशी रोगी झाली की तिचे टपालही बदलते. हे टपाल रक्तात उतरते. म्हणून आज जेथे त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो, तेथे उद्या रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून मेलॅनोमासारखा कर्करोग किंवा सोरायसिस ओळखता येईल, अशी शास्त्रज्ञांस आशा आहे. तद्वतच मूळपेशींनी सोडलेल्या पिशव्यांनी जखमा लवकर भरतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. परंतु आशा निराळी आणि सिद्ध औषध निराळे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१९ च्या डिसेंबरात अशा अप्रमाणित उपचारांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. म्हणून दागिना मोडून असली इंजेक्शने घेण्यास कोणी धावू नये, ही विनंती.

बंधूंनो, सूक्ष्म टपाल वाचण्याची विद्या यावयाची तेव्हा येवो; कातडीवर उघड्या अक्षरांत लिहिलेले पत्र मात्र आपण आजच दडवून ठेवतो. महारोगाचेच पाहा. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सनने त्याचा जंतू शोधला. आपल्या महाराष्ट्रात वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय १८९० पासूनचे, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांची एकत्र योजना सुचविली, आणि रोग पुरता बरा होऊ लागला. सहा किंवा बारा महिन्यांचा हा उपचार सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतो, आणि तो सुरू होताच संसर्गाचे भय लवकर नाहीसे होते.

त्याचे निदान करण्यास प्रारंभी मोठे यंत्रही लागत नाही. फिकट वा तांबूस चट्ट्यावर कापसाची वात फिरविली आणि स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. तो चट्टा दुखत नाही, खाजत नाही. म्हणूनच माणूस फसतो. वेळ दवडली तर मज्जातंतू निकामी होऊन बोटे वाकडी होतात, आणि गेलेली संवेदना औषधाने परत येईलच असे नाही.

कोड तर याहून अगदी भिन्न. तेथे स्पर्श शाबूत असतो. रंगपेशी नष्ट झाल्याने पांढरेपणा येतो. तो स्पर्शाने लागत नाही, शेजेने लागत नाही. तरीही सोयरिकी मोडतात! कायदा आपल्यापुढे गेला आहे: महारोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ च्या दुरुस्तीने विवाहकायद्यातून वगळण्यात आले. कायद्याने जे सोडले ते ज्ञातीने धरून ठेवावे काय?

म्हणून संस्थेस आमची दोन नम्र मागणी आहेत. वधूवर मेळाव्याच्या दिवशी त्वचातज्ज्ञास पाचारण करावे, आणि चट्ट्यामुळे मोडू पाहणाऱ्या सोयरिकीत पंचांनी अज्ञानाच्या नव्हे, ज्ञानाच्या बाजूने उभे राहावे. मातांनी मुलांना न्हाऊ घालताना पाठ निरखावी. ती मुलांना स्वतःला दिसत नाही.