पहिले पिस्तूल



आजचा विषय फलकावर लागल्यापासून औरंगपुऱ्यात आम्हांला दोन प्रश्न ऐकावे लागले. भाजी मंडईत एका स्नेह्यांनी विचारले, “काय हो, कुणाशी वैर धरले आहे की काय?” आणि सरस्वती भुवनच्या फाटकाशी भेटलेल्या एका गृहस्थांनी आम्हांला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारले, “मुलीला पिस्तूल घेऊन द्यायचे आहे. कोणते घेऊ?” पहिला प्रश्न हसण्यावारी नेता आला. दुसऱ्याचे उत्तर रस्त्यात उभ्याउभ्या देण्यासारखे नव्हते, म्हणून ते आज येथे देत आहोत.

हे गृहस्थ नोकरदार आहेत. मुलगी आठवीत. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दहा मीटर हवेच्या पिस्तुलात कांस्यपदक मिळवले, दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगच्या जोडीने दुसरे मिळवले, आणि ते पाहून मुलीने हट्ट धरला. स्पर्धेच्या दर्जाचे परदेशी पिस्तूल घ्यावयाचे तर दीड-दोन लाखांच्या घरात जाते. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढावी काय, असा त्यांचा विचार चालला होता. या प्रश्नात एका बापाची बचत आहे आणि एका मुलीची हौसही आहे. चुकीच्या निवडीने दोन्ही एकदम बुडू शकतात.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्या भागात शस्त्र म्हटले की देवगिरीवरची मेंढा तोप आठवते. जेवढे मोठे, जेवढे जड, तेवढे श्रेष्ठ, असा हिशेब मनात पक्का बसलेला असतो. नेमबाजीच्या खेळाचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. येथे शत्रू नाही, शक्तीचा प्रश्न नाही. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छरा दहा मीटरवरच्या कागदात किती नेमका जातो, एवढेच पाहावयाचे. त्या कागदावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा. लांब ओसरीच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या सदऱ्याच्या गुंडीवर नेम धरावा, तोही एका हाताने, हाताला कसलाही टेका न देता, आणि असे साठ वेळा, सव्वा तासात! मनगटही मोकळे हवे. मुठीचा आधार मनगटापर्यंत आणलेला नियमाला चालत नाही.

या खेळाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले तेच हे. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पायरी म्हणून नेमबाजांना परिचित आहे. आणि कोल्हापूरची राही सरनोबत आपणां सर्वांना माहीत आहेच. २०१८ साली जाकार्ताच्या एशियाई क्रीडास्पर्धेत तिने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. थायलंडच्या प्रतिस्पर्धी खेळाडूशी ३४ गुणांवर बरोबरी झाली, ती फोडण्यासाठी जादा गोळ्यांची फेरी झाली, तीतही बरोबरी, आणि मग दुसऱ्या फेरीत निकाल लागला. एशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

आता मूळ प्रश्न. कोणते पिस्तूल घ्यावे? आमचे पहिले उत्तर असे की, अजून कोणतेच घेऊ नये.

हे टाळाटाळीचे उत्तर नव्हे. पोहायला शिकणारा माणूस आधी विहीर विकत घेत नाही. निदान चार-सहा महिने मुलीने एखाद्या शिक्षणकेंद्रात, तेथल्याच पिस्तुलावर, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली शिकावे. या काळात तीन गोष्टी कळतात. पहिली, हौस टिकते की नाही. पॅरिसचे पदक तिला रोज दिसणार नाही. रोज दिसणार ती रिकामी भिंत. कारण आरंभीचा पुष्कळसा सराव छऱ्याशिवाय, भिंतीसमोर हात धरून चाप ओढण्याचाच असतो. दुसरी गोष्ट, तिचा कोणता डोळा प्रबळ आहे. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असू शकतो, आणि डाव्या हाताची मूठ वेगळी घ्यावी लागते. तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिच्या हाताचे माप. हे माप दुकानदाराला ठाऊक नसते, ते हातालाच सरावाने कळते.

आम्ही स्वतः हा क्रम उलटा केला होता. नेमबाजी सुरू करून महिनाही झाला नव्हता, तोच कुणाचे तरी वापरलेले परदेशी पिस्तूल स्वस्तात मिळते आहे असे कळले आणि आम्ही ते घेऊन टाकले. बनावट नामांकित होती, नळी उत्तम होती. परंतु मूठ होती आमच्या दीडपट पंजाच्या माणसाची! ती धरून राहण्यासाठी बोटे आवळावी लागत, आवळली की हात थरथरे, आणि थरथरला की चाप झटक्याने ओढला जाई. छरे खाली डावीकडे जात. आम्ही वर्षभर मागच्या साइटचे स्क्रू फिरवीत बसलो. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. आमचे मात्र अंगणच खरोखर वाकडे होते, आणि आम्ही दोष पायांना देत होतो. त्यात भर अशी की, पिस्तुलाच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आम्ही पाहिलीच नव्हती.

म्हणून मूठ ही पहिली कसोटी. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते आणि तळहाताखालची फळी वरखाली सरकवता येते. परीक्षा सोपी आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करावी. ते हातात घ्यावे, भिंतीकडे तोंड करावे, डोळे मिटावे आणि हात सहज खांद्याच्या उंचीला आणावा. मग डोळे उघडावे. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर मूठ आपली. दर वेळी मनगट वळवून ती जुळवावी लागत असेल तर पिस्तूल कितीही नामांकित असो, ते दुसऱ्या कुणाचे आहे. थोडाफार फरक असेल तर लाकूड कानशीने घासता येते किंवा लाकडाच्या लुकणाने भरता येते. तेही जाणत्याला विचारून करावे, कारण घासलेले लाकूड परत येत नाही.

दुसरी कसोटी चापाची. नियमाप्रमाणे हवेच्या पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम ओढीचा असावा लागतो. स्पर्धेपूर्वी चापाला तेवढे वजन अडकवून पिस्तूल उचलून पाहतात. चाप सुटला तर पिस्तूल नापास. मंडईतले अर्ध्या किलोचे माप हातात घेऊन पाहा, म्हणजे ओढीची कल्पना येईल. चांगल्या चापाला दोन टप्पे असतात. पहिला मऊ, मग बोटाला एक स्पष्ट अडसर लागतो, आणि त्यानंतर फार थोड्या जादा दाबाने छरा सुटतो. तो अडसर दर वेळी त्याच जागी लागला पाहिजे. नवशिक्याला अत्यंत हलका चाप हवासा वाटतो, पण त्याला खरी गरज असते ती अशा एकसारख्या चापाची.

तिसरी कसोटी वजनाची. नियमाने हवेचे पिस्तूल दीड किलोपर्यंत चालते, पण पुष्कळशी पिस्तुले किलोच्या आसपास असतात. आठवीतल्या मुलीच्या लांबवलेल्या हातात किलोभर वजन म्हणजे काय, हे घरी पाण्याच्या बाटलीवर अजमावून पाहा. मुलांसाठी आखूड व हलकी पिस्तुले निघतात. वाढत्या हाताला आज बसणारी मूठ दोन वर्षांनी बसेलच असे नाही, हाही थांबण्याचा एक हिशेबच आहे.

चौथी कसोटी हवेची. आजची पिस्तुले दाबाखालच्या हवेच्या छोट्या सिलिंडरवर चालतात. दाब २०० बारपर्यंत असतो. बहुतेक सिलिंडरांचे आयुष्य उत्पादनापासून दहा वर्षे धरतात. वापरलेले पिस्तूल घेणाराने नळीआधी ही तारीख पाहावी, असे आम्ही स्वानुभवाने सांगतो. शिवाय सिलिंडर आपल्या गावात कोठे भरून मिळेल, पिस्तूल बिघडले तर कोण दुरुस्त करील, सुटे भाग किती दिवसांनी येतील, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे. २०२१ साली टोकियोत याच मनू भाकरच्या पिस्तुलाची छरा भरण्याची दांडी ऐन स्पर्धेत तुटली. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. उत्तम यंत्रही मोडते. पण तीन वर्षांनी तीच मुलगी दोन पदके घेऊन आली, हेही विसरू नये.

येथे कुणी म्हणेल, पॅरिसला तुर्कस्तानचा तो युसुफ डिकेच साधा चष्मा लावून, दुसरा हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र सांघिक स्पर्धेत रौप्यपदक घेऊन गेला; मग साधनांचे एवढे स्तोम कशाला? चित्र खरे, पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. खिशातला हात ऐट म्हणून नव्हता. शरीर डोलू नये म्हणून नेमबाज तो तसा ठेवतात. आणि हातातले पिस्तूल स्पर्धेचेच, त्याच्या मुठीचे होते. पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाने सोडले होते ते अनावश्यक तेवढेच. काय अनावश्यक आहे हे कळायला वर्षे लागतात. हंगेरीचा कारोली टाकाच याचे तर उदाहरण आणखी बोलके आहे. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ व १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याने जलद पिस्तुलात मिळवली.

आता डोळ्याविषयी. अर्जुनाला पोपटाचा डोळाच तेवढा दिसत होता, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. पिस्तुलाच्या शिक्षणात ती गोष्ट आडवी येते. माणसाच्या डोळ्याला जवळचे व दूरचे एकदम स्पष्ट दिसत नाही. साइट किंचित वाकडी झाली तर छरा पुष्कळ वाहवतो. लक्ष्य किंचित अंधुक दिसले तर फारसे बिघडत नाही. म्हणून नजर पुढच्या साइटवर ठेवावयाची आणि लक्ष्य धूसर राहू द्यावयाचे. हे मनाला फार जड जाते. पण हेच या खेळाचे शिक्षण आहे, असे आम्हांस वाटते: दूरच्या गुंडीची हाव सोडून हातातल्या गोष्टीकडे पाहणे. पिस्तूल निवडताना बापानेही तेच करावे. पॅरिस धूसर राहू द्यावे आणि मुलीच्या पंजाकडे नीट पाहावे.

कायद्याचे दोन शब्द. साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि वीस ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. राहीच्या पंचवीस मीटर स्पर्धेतले पिस्तूल ०.२२ चे, ते अग्निशस्त्र आहे. त्याला १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू होतात, परवाना लागतो, आणि त्यासाठी सामान्यतः वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. लहान वयाच्या खेळाडूंना देखरेखीखाली शिकण्याची सोय कायद्यात आहे. तेव्हा आरंभ हवेच्या पिस्तुलानेच करावा. मात्र परवाना नको म्हणजे ते खेळणे झाले असे कुणी समजू नये. त्या छऱ्याने डोळा जातो. पिस्तूल नेहमी भरलेलेच आहे असे मानावे. तोंड कधी माणसाकडे करू नये. घरी ते कुलपात आणि छरे दुसऱ्या कुलपात ठेवावे. पाहुण्यांना दाखवण्यासाठी काढू नये.

त्या गृहस्थांना आमचे उत्तर एवढेच. निधीला आज हात लावू नका. सहा महिने मुलीला केंद्रावर पोहोचवा आणि मागे बाकावर बसा. गुण मोजू नका. हात वर जातो तेव्हा ती श्वास कसा घेते, चुकलेल्या छऱ्यानंतर पिस्तुलाकडे पाहते की स्वतःच्या बोटाकडे, तेवढे पाहा. एक दिवस ती आपण होऊन म्हणेल, “बाबा, केंद्रातली ही मूठ मला मोठी पडते.” त्या दिवशी तिला बरोबर घेऊन पिस्तूल पाहायला निघा. काय घ्यावयाचे हे तेव्हा तिलाच कळलेले असेल, आणि आमच्यासारख्याला फाटकाशी गाठून विचारण्याची आपल्याला गरज उरणार नाही.