एक शहर, श्रद्धेची अनेक रूपं

आषाढी वारीत पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात ज्ञानोबांची, तर नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापाशी तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. पेठेतली माणसं वारकऱ्यांना जेवू घालतात, कुणी त्यांचे दुखरे पाय चेपून देतं. इथे श्रद्धा सेवेतून दिसते.

याच पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. निर्मिक म्हणजे सृष्टीचा निर्माता एकच, आणि त्याच्यापर्यंत पोचायला मध्यस्थ नको, हा त्यांचा ठाम विश्वास. म्हणून सत्यशोधक लग्नं भटजीविना लागू लागली.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा भरवसा पुराव्यावर होता. त्यांचा विरोध देवाला नव्हता, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातच ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला.

श्रोतेहो, जो विश्वास माणसाला निर्भय करतो आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडायला शिकवतो, तो जरूर जपा. पण भीती घालून कुणी पैसे उकळत असेल, अघोरी उपचार करत असेल, तर गप्प बसू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा.