अंगठ्यालाही कुलूप घाला
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्याकडे जमिनीचं खरेदीपत्र झालं की घरी पेढे येतात. नोंदणी कचेरीत घेणाऱ्या-देणाऱ्यांचे अंगठे, फोटो, आधार क्रमांक असं सगळं दस्तात येतं. २०२३ साली आपल्या राज्यात याच कागदांनी घात केला. मंगळूर, बेंगळूरकडच्या अनेकांच्या खात्यांतून ओटीपी न येता पैसे गेले. तपासात कळलं की नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ संकेतस्थळावरून दस्त उतरवून, त्यावरच्या ठशांवरून चोरट्यांनी नकली अंगठे बनवले होते. मंगळूर पोलिसांनी थेट बिहारमधून माणसं धरून आणली. पुढे दस्तांवरचे ठसे आणि आधार क्रमांक झाकण्याची पावलं उचलली गेली. पण ज्या प्रती आधीच बाहेर गेल्या, त्यांचं काय?

खेड्यात बँकमित्राच्या मशीनवर आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. म्हाताऱ्या माणसांची त्यानं मोठी सोय झाली, हे मान्यच. पण एटीएमचा पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? आईची पेन्शन, बायकोचे गृहलक्ष्मीचे दोन हजार आधार जोडलेल्या खात्यातच येतात.

म्हणून मोबाईलवर एम-आधार अॅप घ्या आणि त्यात ‘बायोमेट्रिक लॉक’ करा. पैसे लागत नाहीत. मात्र रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल तेव्हा आधी थोड्या वेळासाठी कुलूप उघडावं लागतं. नाहीतर दुकानदाराशी उगाच भांडण व्हायचं!

आता झेरॉक्सचं. कन्नडमधून इंग्रजीत जाताना आपल्या आडनावांचं काय होतं ते तुम्ही जाणताच. उताऱ्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. त्यामुळे कुठंही गेलं की आपण कागदांची थप्पीच पुढं करतो. चालत असेल तिथं ‘मास्क्ड आधार’ द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून आडवी सही करा.

निपाणीच्या व्यापारी मंडळींनी जीएसटीच्या संकेतस्थळावर आपला पॅन घालून बघावं. त्यावर कुठं कुठं नोंदणी आहे ते दिसतं. दुसऱ्याच्या पॅनवर बोगस फर्म काढून बिलं फाडायचा धंदा देशभर चालतो आणि नोटीस येते ती खऱ्या मालकाला. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत, ते ‘संचार साथी’वर दिसतं.

पैसे गेलेच, तर आधी १९३० ला फोन, मग बँकेत लेखी तक्रार आणि पोच. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक आपलीही नाही नि बँकेचीही नाही अशा वेळी, बँकेकडून कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तक्रार केली तर भुर्दंड आपल्यावर येत नाही. ‘चतुर्थी झाल्यावर बघू’ म्हणू नका.

आरतीनंतर मी इथंच बसतोय. आधार आणि मोबाईल घेऊन या, कुलूप घालून देतो. ओटीपी मात्र तुमचा तुम्हीच टाका, मलाही सांगू नका.